‘सर, मला जमलं!’: वर्गातला सहभाग वाढवण्यासाठी मानसशास्त्र कसं वापरावं

हजेरीपटावरची नावं एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद आठवडाभर टेबलावर ठेवा. तासाला एखादं मूल आपणहून अभ्यासाबद्दल काही बोललं, तर नावापुढे टिंब. नाव घेऊन विचारल्यावर बोललं, तर फुली. शनिवारी कागद बघितलात की चाळीसच्या वर्गात पाच-सात नावांपुढे टिंबांची रांग दिसेल आणि बऱ्याच नावांपुढे काहीच नसेल. आज तास छान रंगला असं ज्या दिवशी वाटतं, त्या दिवशीही तो बहुधा त्याच पाच-सात मुलांनी रंगवलेला असतो.

हा लेख त्या कोऱ्या राहिलेल्या नावांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः सहावीच्या गणितातली घेतली आहेत, कारण दशांश अपूर्णांकांपाशी पुष्कळ मुलं गणिताची साथ सोडताना दिसतात. पण यातली प्रत्येक गोष्ट विज्ञानाच्या, इतिहासाच्या किंवा भाषेच्या तासालाही करता येते.

‘त्याला आवडच नाही, म्हणून येत नाही,’ असं शिक्षक खोलीत सर्रास बोललं जातं. मला याच्या उलट म्हणायचं आहे. मुलाला आधी काहीतरी जमावं लागतं, आवड त्यामागून येते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाची उपपत्ती मांडली. हा विश्वास कशाकशातून येतो हे सांगताना त्याने पहिला मान स्वतः करून जमल्याच्या अनुभवाला दिला. दुसऱ्याने ‘तुला जमेल रे’ असं सांगून मिळणारा विश्वास त्या मानाने कच्चा असतो, पहिल्या अपयशाबरोबर तो जातो. म्हणून परिपाठाला दिलेलं प्रेरणादायी भाषण दुपारच्या गणिताच्या तासापर्यंत टिकत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी या चित्रात आणखी दोन गोष्टी जोडल्या. माणूस आतून कामाला लागतो तो तीन गरजा भागल्यावर: काम जमतंय असं वाटणं, त्यात आपलं काही चालतं असं वाटणं आणि आजूबाजूची माणसं आपली वाटणं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गरजांवर उभ्या आहेत.

पायरी १: मूल गप्प का, ते ओळखा

कोऱ्या नावांची यादी हातात आली की लगेच त्या मुलांना प्रश्न विचारायला धावू नका. गप्प राहण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. काहींना दोन इयत्ता मागचंच कळलेलं नसतं. काहींना उत्तर येत असतं, पण मागे एकदा वर्ग हसलेला असतो. एखाददुसऱ्याला सगळं आधीच येतं आणि तो कंटाळलेला असतो. आणि काही मुलांनी ‘मला गणित येतच नाही’ हे कायमचं ठरवून टाकलेलं असतं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत हेच पाहिलं होतं. काहीही केलं तरी त्रास टळत नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा आला, की पुढे सुटकेची वाट समोर असूनही प्राणी प्रयत्न करत नाही. असं मूल आळशी दिसतं, पण ते आळशी नसतं.

कारण ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वही. मधल्या सुट्टीत त्या मुलाला शेजारी बसवा, मागच्या इयत्तेतली दोन गणितं द्या आणि सोडवताना बघत राहा. मध्ये बोलू नका. हात कुठे थांबतो ते बघा. तुमचं शिकवणं तिथून सुरू व्हायला हवं.

पायरी २: मुलाच्या जागी जाऊन सुरुवात करा

मुंबईत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेचं काम इथे आठवायला हवं. त्यांच्या बालसखी कार्यक्रमात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज साधारण दोन तास वेगळं बसवून शिकवत असे. शिकवायचं तेच, जे त्या मुलांचं खरोखर अडलेलं होतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कार्यक्रमाची पाहणी केली, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची कल्पना यातूनच पुढे देशभर गेली.

आपल्या हातात बालसखी नसते, अभ्यासक्रम मात्र संपवायचा असतो. तरीही आठवड्यातून दोन तास असे काढता येतात, की वर्ग तीन गटांत बसेल आणि प्रत्येक गटाला त्याच्या पातळीचं काम मिळेल. गटांना ‘हुशार’, ‘मध्यम’ अशी उघड किंवा आडून सुचवणारी नावं देऊ नका. दर महिन्याला गट बदला आणि ते बदलतात हे मुलांना दिसू द्या. एकदा खालच्या गटात पडलेलं मूल वर्षभर तिथेच राहिलं, तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

पायरी ३: तासाची पहिली पाच मिनिटं

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा. वर्गात शिरल्यावर फळ्यावर तीन छोटे प्रश्न लिहा. एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. मुलांनी पुस्तक न उघडता वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहायची. गुण नाहीत, वही गोळा करायची नाही. मग उत्तरं फळ्यावर लिहा आणि ज्याची त्याने तपासायची.

दशांश अपूर्णांक शिकवताना माझे तीन प्रश्न साधारण असे असतात: ७ चे दहा सारखे भाग केले तर एक भाग किती? २.५ आणि २.०५ यांत मोठी संख्या कोणती? ३/४ चा सममूल्य अपूर्णांक सांगा, ज्याचा छेद १०० आहे. यांतला एक तरी प्रश्न सगळ्यांना यायलाच हवा, मग तो तीनांपैकी कुठलाही असो. त्यावरच तर हा सगळा डोलारा उभा आहे. चाळीसही मुलांची तासाची सुरुवात ‘एक बरोबर’ अशी होते. त्यासाठी प्रश्न आदल्या संध्याकाळी विचार करून काढावे लागतात, आयत्या वेळी सुचलेले प्रश्न बहुतेकदा फार अवघड निघतात.

यामागे स्मरणाचंही कारण आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चार वेळा वाचतात आणि ‘सगळं येतंय’ असं समजून झोपतात. ते का फसतं, हे यातून कळतं. हा प्रयोग मुलांनाही सांगा. आठवताना डोक्याला ताण पडतो, म्हणजे आपण कच्चे आहोत असं त्यांना वाटतं. ताण पडणं हीच शिकण्याची खूण आहे हे कळलं की पुष्कळ मुलं निवांत होतात.

पायरी ४: प्रश्न विचारा आणि थांबा

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून १९७४ मध्ये दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकतात. ही वेळ तीन सेकंदांच्या वर गेली, की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तिला आणखी एक गोष्ट दिसली. जी मुलं शिक्षकांना हुशार वाटत होती, त्यांच्यासाठी शिक्षक जास्त वेळ थांबत होते.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण उभं राहून थांबायला फार लांब वाटतात. मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. तोवर कुणाचा हात वर असला, तरी नाव घेऊ नका. ‘हात वर करू नका, आधी वहीत लिहा, मग शेजाऱ्याला दाखवा’ ही सूचना वर्गाला सवयीची करा. आता विचारलेल्या मुलाला एकट्याचं उत्तर द्यावं लागत नाही. ‘आम्ही दोघांनी असं ठरवलं’ असं म्हणता येतं. लाजणाऱ्या मुलीसाठी हा आधार मोठा असतो.

कुणाला विचारायचं हे चिठ्ठ्यांवर सोडा. डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवा, प्रश्न आधी विचारा, थांबा आणि मग चिठ्ठी काढा. क्रम उलटा झाला तर नाव ऐकताच बाकीचे एकोणचाळीस सुटकेचा श्वास टाकतात. ज्याचं नाव निघालं त्याला ‘आत्ता नाही, दोन मिनिटांनी’ म्हणायची मुभा द्या, पण दोन मिनिटांनी त्याच्याकडे परत नक्की जा.

आता चुकीच्या उत्तराचं काय करायचं? मुलं उद्या बोलणार की नाही, हे त्यावरच ठरतं. फळ्यावर लिहिलंय: ०.७ आणि ०.३५ यांत मोठा कोणता? चिठ्ठी निघते आणि मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘०.३५.’

‘बरं. कसं ठरवलंस?’

‘सर, पस्तीस मोठे ना सातपेक्षा.’

पुढून हसू येतं. इथे हसणाऱ्यांवर ओरडण्याआधी त्या मुलाच्या विचारातला खरा भाग उचला: ‘पस्तीस सातपेक्षा मोठे, हे अगदी खरं आहे. पूर्ण संख्यांसाठी हा नियम पक्का आहे. तो इथेही चालतो का, ते आपण मोजून बघू.’ मग शिंप्याची टेप भिंतीवर ताणायची. ज्याने उत्तर दिलं त्यालाच बोलवायचं. ०.७ मीटर म्हणजे दहा भागांतले सात, बोट ७० सेंटिमीटरवर. ०.३५ मीटर म्हणजे शंभर भागांतले पस्तीस, बोट ३५ सेंटिमीटरवर. तो स्वतःच वळून म्हणतो, ‘अरे, सात पुढे आहे!’ शेवटी वर्गाला एवढंच सांगायचं: ‘याच्या उत्तरामुळे आज सगळ्यांचा एक घोटाळा सुटला.’ हे सांत्वन म्हणून सांगायचं नसतं, कारण तोच घोटाळा पुढे हसणाऱ्या दोघा-तिघांचाही होता. ०.३५ हे ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ असं वाचायची सवय लावली, तर तो मुळातच कमी होतो. (पुष्कळ ठिकाणी अजून रुपये-पैशांचं उदाहरण देतात. आजच्या मुलांनी रुपयापेक्षा लहान नाणं सहसा हाताळलेलंच नसतं, त्यांच्यासाठी टेप बरी.)

पायरी ५: शाबासकी कशाला द्यायची

‘हुशार आहेस’ हे आपण प्रेमानेच म्हणतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग वाचल्यावर मात्र ते जपून म्हणावंसं वाटतं. सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा ‘हुशार’ ठरलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. हुशार म्हणून मिळालेली पदवी मुलाला सांभाळावी लागते, आणि ती सांभाळायचा सोपा उपाय म्हणजे अवघड गोष्टीला हातच न लावणं.

म्हणून शाबासकीत मुलाने नेमकं काय केलं ते सांगा. ‘छान!’ ऐवजी ‘बेरीज करायच्या आधी तू दशांश चिन्हं एकाखाली एक घेतलीस, म्हणून उत्तर आलं.’ हे वाक्य ऐकणारं मूल पुढच्या वेळी तेच करतं. नुसतं ‘मेहनत कर, मेहनत कर’ म्हणण्यानेही काही होत नाही. चुकीच्या पद्धतीने तासन्‌तास मेहनत करणाऱ्या मुलाला पद्धत सांगावी लागते. ‘मी करू शकतो’ अशा पाट्या भिंतींवर लावण्यावर माझा फारसा विश्वास नाही. क्षमता प्रयत्नाने वाढते, या ड्वेक यांच्या विचारावर पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासांतही निव्वळ मनोवृत्ती बदलण्याचा परिणाम छोटाच दिसला आहे.

वही तपासतानाही हेच. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांना तीन प्रकारे अभिप्राय दिला: नुसते गुण, नुसता शेरा, गुण आणि शेरा दोन्ही. कामातला रस आणि कामगिरी दोन्ही टिकली ती नुसता शेरा मिळालेल्यांची. गुण सोबत आले की शेरा वाया जातो, मुलं आकडा बघून वही मिटतात. घटक चाचणीचे गुण द्यावेच लागतात, पण रोजच्या स्वाध्यायावर १० पैकी ६ लिहायची सक्ती कुणी केलेली नाही. तिथे एक ओळ लिहा: ‘तिसऱ्या गणितात हातचा विसरलास, तेवढं शोधून दुरुस्त कर.’ दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी तासातली पाच मिनिटं द्या, नाहीतर तो शेरा कुणी वाचणार नाही.

बक्षिसांबद्दल थोडं

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत या मुलांनी चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या निम्माच वेळ घालवला. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली.

चॉकलेट आणि स्टार पूर्ण बंद करा असा याचा अर्थ नाही. पाढे पाठ करण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला सुरुवातीची चालना म्हणून ते चालतं. जे मूल आपणहून वाचतंय त्याला ‘दर पुस्तकाला एक स्टार’ लावू नका. भिंतीवरचा नावांचा तक्ता मात्र काढाच. त्यात सगळ्यात खाली असलेलं मूल रोज सगळ्यांसमोर तिथे असतं.

पायरी ६: मुलाचं काहीतरी चालू द्या

सहा गणितं द्या आणि ‘यातली कुठलीही चार’ म्हणा. निबंधाला दोन विषय द्या. उजळणी आधी की नवीन भाग आधी, हे आठवड्यातून एकदा वर्गाला ठरवू द्या. शिस्त यात कुठेच सुटत नाही, काम तर तेवढंच होतं. जिथे निवड देता येत नाही, तिथे कारण द्या. ‘पायऱ्या लिहाच, कारण उत्तर चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते तुलाच सापडेल,’ हे नुसत्या ‘पायऱ्या लिहा’पेक्षा जास्त मुलं पाळतात.

शाळेनेच मुलाच्या आयुष्याशी जुळवून घ्यावं, ही गोष्ट आपल्याकडे फार आधी झाली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात, तिथेच शिकवायचं.

पायरी ७: आपलेपणा

कोऱ्या नावांतलं एक मूल निवडा आणि दोन आठवडे रोज दोन मिनिटं त्याच्याशी अभ्यास सोडून कशाबद्दलही बोला: घरची शेळी, कबड्डीचा सामना, काल झालेला पाऊस. मग पुढचं मूल. चाळीस मुलांशी एकदम नातं जुळत नाही, एकेकाशी जुळतं.

बीड, अहिल्यानगर या भागांतल्या शिक्षकांना दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी मुलं ओळखीची आहेत. त्यांच्यासाठी परतीचा पहिला दिवस महत्त्वाचा. बाकावरची जागा, जोडीदार आणि नाव घातलेली वही राखून ठेवा. चौकशी ‘इतके दिवस कुठे होतास?’ अशी नको, ‘ये, तुझ्यासाठी हे तीन धडे वेगळे काढलेत’ अशी हवी. मागे पडलेल्या भागासाठी जोडीदाराला महिनाभराची जबाबदारी द्या, शिकवताना त्याचंही पक्कं होतं.

भीतीबद्दल सविस्तर लिहायची गरज नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, आणि चारचौघांतला टोमणा हा मानसिक छळच असतो.

पायरी ८: घरच्या अभ्यासाला जागा आणि वेळ द्या

‘उद्यापासून रोज अभ्यास करीन’ हा निश्चय मोडतो, कारण त्यात कधी आणि कुठे ते नसतं. पीटर गोलवित्झर यांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं आहे, की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाकडून एक वाक्य लिहून घ्या: ‘संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की मी ओट्यावर बसून पहिली दोन गणितं करीन.’ वाक्य ज्याचं त्याने आपल्या घरानुसार लिहायचं. ज्या घरात संध्याकाळी पाणी भरायचं असतं, तिथे वेळ सकाळचीच येईल.

कशाने सुरुवात करायची

सगळं एकदम सुरू केलंत तर पंधरा दिवसांत सगळंच सुटेल. पहिला आठवडा नोंदीचा. पुढचे दोन आठवडे फक्त पाच मिनिटांचे प्रश्न आणि तीन सेकंद थांबणं. ते अंगवळणी पडलं की चिठ्ठ्या, मग शेऱ्यांची पद्धत, मग बाकीचं. दीड-दोन महिन्यांनी टिंब-फुलीची नोंद पुन्हा आठवडाभर करा. आधी फुल्या वाढतील, टिंबं उशिरा येतील. विचारल्यावर बोलणं आणि आपणहून बोलणं यांत काही आठवड्यांचं अंतर असतं, तेवढा धीर धरा.

एवढं करूनही दोन-तीन नावं कोरीच राहिली, तर तिथे प्रेरणेचा विचार थांबवा आणि शरीराकडे बघा. फळ्यावरचं उतरवताना मूल शेजारच्या वहीत बघतं का? मागून हाक मारल्यावर वळतं का? सकाळी काही खाऊन येतं का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना ही नावं आणि तुम्ही पाहिलेली लक्षणं आधीच लिहून द्या. तोंडी उत्तरं बरोबर आणि लिहिताना मात्र रोज तीच अडचण, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या मंडळ परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ही चौकशी नववीपर्यंत लांबवू नका, सहावीतच पालकांना बोलावून घ्या.